डीईआय म्हणजे मागच्या दाराने आणलेलं आरक्षण का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीतल्या एका अमेरिकन कंपनीच्या शाखेत तुम्ही टीम लीड आहात. दोन-तीन वर्षं डीईआयचे, म्हणजे विविधता, समता आणि समावेशन यांचे कार्यक्रम, ट्रेनिंग, पोस्टर सगळं जोरात होतं. गेल्या वर्षी मुख्यालयातून मेल आला आणि सगळं थांबलं. टीममधले काही म्हणतात, बरं झालं, ते मागच्या दाराने आणलेलं आरक्षणच होतं, गुणवत्तेवर अन्याय होत होता. काही जण दुखावले आहेत. नेमकं हे होतं काय, आणि आता बंद झाल्यावर तुम्ही काय करायचं? त्यात पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे आणि टीममधली एक सहकारी बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतली आहे.

मी मनुष्यबळ विभागात काम करते. सुरुवात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात झाली, मग बँक, आणि आता काही कंपन्यांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. या विषयाबद्दल मला मनापासून कळकळ आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

तुमच्या टीममधल्या दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली आहे: डीईआय म्हणजे तो मेल, ती पोस्टरं आणि ते दीड तासाचं ट्रेनिंग. ते सगळं उद्या पुन्हा सुरू झालं तरी कुणाच्या नोकरीत काडीचा फरक पडणार नाही. फरक पडतो तो जागा निघाल्याचं कुणाला कळतं, मुलाखतीत काय विचारलं जातं, रेटिंग कोण ठरवतं आणि कोणत्या पुराव्यावर ठरवतं, यात. मी या विषयाकडे तिथूनच बघते.

विविधता, समता आणि समावेशन हे तीन शब्द एका दमात म्हटले जातात, पण ती तीन वेगळी कामं आहेत. समजा, व्हीलचेअर वापरणारा एक अकाउंटंट तुमच्याकडे नोकरीला लागला. तो लागला, ही झाली विविधता. त्याला पार्किंगपासून स्वतःच्या खुर्चीपर्यंत कुणाची मदत न मागता येता यावं, टॉयलेटला जाता यावं, इतरांइतकंच काम करून इतरांसारखंच वर चढता यावं, ही समता. आणि क्लायंटसमोर आकडे मांडायची वेळ आली की त्यानेच केलेलं काम दुसऱ्याच्या तोंडून न जाता त्याच्याच तोंडून जावं, हे समावेशन. बहुतेक कंपन्या पहिल्या पायरीवर फोटो काढतात आणि थांबतात. एका ऑफिसात मी दिव्यांगांसाठीच्या टॉयलेटचं दार उघडलं तर आत मॉप, फिनेलचे कॅन आणि टिश्यूचे खोके छतापर्यंत रचलेले होते. त्या मजल्यावर व्हीलचेअर वापरणारं कुणी नाही, मग जागा कशाला वाया घालवायची, असं ॲडमिनचं म्हणणं. असं टॉयलेट असल्यावर त्या मजल्यावर व्हीलचेअर वापरणारं कुणी येईल तरी कसं?

हा सगळा विषय अमेरिकेतून आला, असं कुणी म्हणालं की मी त्यांना लालबाग-परळची आठवण करून देते. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकामाच्या खात्यात मजुरी चांगली होती, आणि त्याच खात्यात दलित कामगारांना प्रवेश नव्हता. कारण असं की धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनात, धागा ओवताना त्याचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागायचं, आणि एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जायचा. त्यामुळे दलितांच्या वाट्याला कमी मजुरीचं सूतकताईचं खातं. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपात डॉ. आंबेडकरांनी संपाच्या नेत्यांकडे आग्रह धरला की ही बंदी उठवण्याची मागणीही घ्या. इथे मला एका गोष्टीवर बोट ठेवायचं आहे. मालकाने नियमावलीत अशी ओळ लिहिण्याची गरजच नव्हती. बरोबरचे कामगारच शेजारी बसू देत नव्हते, आणि व्यवस्थापन म्हणायचं, आम्ही काय करणार, माणसं जुळली पाहिजेत ना. आजच्या मुलाखतीच्या फॉर्मवर ‘कल्चर फिट’, म्हणजे उमेदवार आपल्या वातावरणात बसेल का, असा रकाना दिसला की मला ते खातं आठवतं.

बायकांची गोष्टही याच शहरातली. मुंबईच्या एका औषध कंपनीत पॅकिंग आणि लेबलिंग करणाऱ्या मुलींना लग्न झालं की नोकरी सोडावी लागायची. ती अट सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये रद्द केली. १९८१ मध्ये नर्गिस मिर्झा खटल्यात एअर इंडियाचा पहिल्या गरोदरपणी हवाई सुंदरीची नोकरी संपवण्याचा नियम गेला, पण पहिली चार वर्षं लग्न न करण्याची अट त्याच निकालात न्यायालयाने कायम ठेवली. आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १९८७ चा मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकोस्टा हा निकाल. त्या कंपनीत वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखाली ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ म्हणून बायका काम करायच्या आणि पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार घ्यायच्या. कंपनीचं म्हणणं, ही वेगळी श्रेणी आहे, युनियनशी करारही झाला आहे. न्यायालय म्हणालं, काम तेच आहे, तर १९७६ च्या समान वेतन कायद्याप्रमाणे पगारही तोच द्या. कंपनीची ऐपत आहे की नाही, हा मुद्दाच इथे येत नाही.

यापैकी एकाही ठिकाणी गुणवत्तेचा प्रश्न नव्हता. त्या बायकांचं टायपिंग कमी पडत होतं असं कुणी म्हटलं नव्हतं.

आता अमेरिकेतल्या वादाकडे. तिथे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने वंश किंवा लिंग पाहून नोकरी देणं-नाकारणं निषिद्ध झालं. १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी आदेश काढून सरकारी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांना त्याच्या पुढे जायला लावलं: नुसता भेदभाव न करणं पुरेसं नाही, संधी पोचवण्यासाठी पावलं उचला. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर कंपन्यांनी मोठमोठी आश्वासनं दिली, काहींनी भरतीची उद्दिष्टं जाहीर केली. तिथूनच ताण वाढला, कारण उद्दिष्ट आणि कोटा यांच्यातली रेघ बारीक असते आणि कोटा तिथल्या कायद्याला चालत नाही. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड विद्यापीठाच्या खटल्यात विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंदी घातली. तो निकाल नोकऱ्यांबद्दल नव्हता, पण कंपन्यांचे वकील सावध झाले. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी १९६५ चा आदेशच रद्द केला. मेटा, गूगल, ॲक्सेंचर यांनी आपली उद्दिष्टं किंवा कार्यक्रम मागे घेतले. उलट कॉस्टको या दुकानांच्या साखळीच्या भागधारकांनी डीईआयविरोधी ठराव प्रचंड बहुमताने फेटाळला. तुमच्या इनबॉक्समधला मेल या साखळीतला आहे.

पण ही साखळी इथे तशीच्या तशी लागू होत नाही, आणि आपले लोक तिथली भांडणं इथे उसनी घेतात याचा मला त्रास होतो. आपल्याकडे आरक्षण लपूनछपून नाही. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. राज्यघटनेच्या १६ व्या अनुच्छेदात सरकारी नोकऱ्यांसाठी ती सोय उघडपणे लिहिली आहे. ती सरकारी नोकरीपुरती. तुमच्या कंपनीसारख्या खासगी कंपनीत जातीचं आरक्षण नाही. २००६ मध्ये उद्योग संघटनांनी एक ऐच्छिक आचारसंहिता स्वीकारली, तेवढंच. डीईआयच्या नावाखाली इथे जे होतं ते प्रामुख्याने स्त्रिया, दिव्यांग आणि एलजीबीटीक्यू सहकारी यांच्याबद्दल. जातीचा उल्लेख तुमच्या ट्रेनिंगच्या स्लाइडवर एकदा तरी आला होता का, आठवून बघा. माझा अनुभव असा की अमेरिकन यादी जशीच्या तशी उतरवली जाते, आणि मुंबईतल्या ऑफिसात माणसं ज्या गोष्टींवरून वेगळी पडतात त्या जात, भाषा, राहण्याचा पत्ता आणि डब्यातलं जेवण यांबद्दल अवाक्षर नसतं.

डब्याचंच घ्या. मासे-मटण कँटीनमध्ये आणू नका, निदान मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, असे फलक या शहरातल्या कितीतरी ऑफिसांत आहेत. ज्या शहराचे मूळ रहिवासी कोळी, तिथे सुकट-बोंबलाचा डबा जिन्यात उभं राहून खायचा. एखादी वेगळी ओव्हन ठेवली, दोन टेबलं वेगळी केली तर प्रश्न मिटतो. शाकाहाऱ्यांच्या भावनाही त्यात सांभाळल्या जातात. यासाठी न्यूयॉर्कच्या परवानगीची गरज नाही.

मे २०२४ मध्ये गिरगावातल्या एका नोकरीच्या ऑनलाइन जाहिरातीत ‘मराठी माणसांनी अर्ज करू नये’ अशा अर्थाचा मजकूर आला होता. आपण सगळे पेटून उठलो, माफी मागितली गेली. त्या वेळी तुमच्या टीममधल्या एकाही मराठी माणसाने म्हटलं नसेल की ‘खासगी कंपनी आहे, तिला हवा तो माणूस ती घेईल.’ तो संताप योग्यच होता. मला एवढंच म्हणायचं आहे की हाच अनुभव काही आडनावांच्या वाट्याला जाहिरातीत न छापता रोज येतो. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या अभ्यासकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकरीच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. उच्चवर्णीय हिंदू नावाशी तुलना करता पुढच्या फेरीला बोलावणं येण्याचं गुणोत्तर दलित नावासाठी सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावासाठी सुमारे एक तृतीयांश निघालं. शिक्षण तेच, कागद तोच. २०१२ मध्ये भारतातल्या १,००० मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास झाला. त्यात ९० टक्क्यांहून जास्त संचालक पुढारलेल्या जातींचे, आणि अनुसूचित जाती-जमातींचे मिळून ३.५ टक्के. जिथे आरक्षण कधीच नव्हतं तिथली ही स्थिती आहे. ‘गुणवत्तेवर अन्याय’ हे शब्द वापरताना हे दोन आकडे समोर ठेवावेत.

विरोध करणाऱ्यांचं काहीच बरोबर नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांचे तीन मुद्दे मला पटतात.

एक, सक्तीचं ट्रेनिंग. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कलेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकन कंपन्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून २०१६ मध्ये लिहिलं की सक्तीच्या ट्रेनिंगने व्यवस्थापनातली विविधता वाढत नाही, काही गटांची तर घटते. माणसाला दोषी ठरवून खुर्चीत बसवलं की तो चिडतो. मी हे ट्रेनिंग रूममध्ये मागे बसून पाहिलं आहे. लोक हाताची घडी घालून बसतात आणि बाहेर पडताना जे बोलतात ते आत यायच्या आधीपेक्षा वाईट असतं.

दोन, नफ्याचं आमिष. विविधता असलेल्या कंपन्या जास्त नफा कमावतात, असं मॅकिन्से या सल्लागार कंपनीच्या २०१५ पासूनच्या अहवालांत म्हटलं गेलं आणि प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये ते डकवलं गेलं. २०२४ मध्ये जेरेमाया ग्रीन आणि जॉन हँड या संशोधकांनी अमेरिकेतल्या एस अँड पी ५०० या निर्देशांकातल्या मोठ्या कंपन्यांवर तीच पडताळणी केली, तेव्हा तो संबंध सापडला नाही. मला तो युक्तिवाद आधीही पटत नव्हता. ऑड्री डिकोस्टांना समान पगार दिल्याने कंपनीचा नफा वाढला का, असं न्यायालयाने विचारलं नाही. नफ्याच्या पायावर हे उभं केलं की एक वाईट तिमाही येताच ते कोसळतं, आणि गेल्या वर्षी तेच झालं.

तीन, आकड्यांशी बांधलेला बोनस. ‘या तिमाहीत एवढ्या टक्के स्त्रिया भरा’ असं मॅनेजरला सांगितलं की तो शेवटच्या आठवड्यात घाईने माणसं भरतो, आणि त्या मुलींना पुढे कितीही चांगलं काम केलं तरी ‘कोट्यातली’ हे ऐकावं लागतं. माझ्यासमोर बसून एका मुलीने सांगितलं होतं की तिने स्वतःचे गुण पॅनेलकडून लेखी मागून घेतले, फक्त लोकांना दाखवता यावेत म्हणून. तिला ते करावं लागलं, याचा राग मला आजही येतो. उद्दिष्टाने भरतीचा निकाल ठरू नये. किती वेगवेगळ्या लोकांपर्यंत जागेची बातमी पोचली, हे मात्र मोजा, आणि त्याचा जाब जरूर विचारा.

भरती कशी होते, ते तुम्ही रोज बघता. जागा निघाली की रेफरल बोनसचा, म्हणजे ओळखीतला माणूस सुचवल्याच्या बक्षिसाचा, मेल येतो. प्रत्येक जण आपल्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकतो. ते कॉलेज बहुतेकदा तेच चार-पाच, ती आडनावं तीच. यात कुणाचाही हेतू वाईट नसतो. तरीही उल्हासनगरच्या कॉलेजातून पास झालेल्या मुलापर्यंत ती बातमी पोचतच नाही.

पोचली तरी पुढे मुलाखत आहे. एका पॅनेलवर मी निरीक्षक म्हणून होते. मराठी माध्यमात शिकलेला मुलगा, कल्याणच्याही पुढून आलेला. तांत्रिक भागात पाचपैकी चार, संवादात तीन, आणि ‘कल्चर फिट’मध्ये दोन. दुसरा उमेदवार तांत्रिक भागात तीनवर होता आणि फिटमध्ये पाच. बेरजेत दुसरा पुढे गेला. मी पॅनेलवरच्या तिघांनाही विनंती केली की फिटच्या गुणांसमोर मुलाखतीतला पुरावा म्हणून एक वाक्य लिहा. एकाने लिहिलं, ‘जरा बुजरा वाटला.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘टीममध्ये मिसळेल का शंका.’ तिसऱ्याने रकाना कोरा ठेवला. त्या मुलाला मुलाखतीच्या सुरुवातीलाच ‘वडील काय करतात, राहता कुठे’ हे विचारलं गेलं होतं, आणि कामाशी ज्याचा संबंध नाही असं उत्तर देताना तो अडखळला होता. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी २००७ मध्ये भारतीय एचआर मॅनेजरांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं की आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, आणि जोडीला हेही की ‘फॅमिली बॅकग्राउंड’ विचारतो. त्या पॅनेलने नंतर तो रकाना काढून टाकला आणि सगळ्यांना एकच प्रत्यक्ष काम, एकाच वेळेत करायला द्यायचं ठरवलं. मला विचाराल तर खरं डीईआय हे आहे, आणि याने गुणवत्तेला धक्का लागत नाही. उलट चारवाला मुलगा चारवालाच राहतो.

या मुलाचं उदाहरण मी मुद्दाम दिलं. तो खुल्या वर्गातला असू शकतो, आणि अशा मुलांची तक्रार खरी आहे की डीईआयच्या कुठल्याच चौकटीत ते बसत नाहीत. गरिबी आणि इंग्रजीची भीती या गोष्टींना अमेरिकन यादीत रकाना नाही. पण प्रक्रिया नीट केली की त्यांचाही फायदा होतो.

आता, मेलने सगळं बंद झालं का? कार्यक्रम झाले असतील. कायदा बंद झालेला नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, हे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ती कंत्राटी कामगारांसाठीही आहे. तुमच्या मजल्यावरची हाउसकीपिंगची मावशी त्या समितीकडे जाऊ शकते, हे तिला कुणी सांगितलं आहे का ते बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे समान संधी धोरण जाहीर करणं खासगी आस्थापनांनाही लागू आहे. तृतीयपंथी व्यक्तींशी नोकरीत भेदभाव करायला २०१९ च्या कायद्याने मनाई आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतन यांत स्त्रियांशी भेदभाव करायला मनाई केली आहे. यातलं काहीही वॉशिंग्टनच्या आदेशाने हलत नाही, आणि तुमच्या एचआरला हे ठाऊक असतं.

शेवटी तुमची सहकारी. मातृत्वाची २६ आठवड्यांची रजा २०१७ च्या दुरुस्तीने आली आणि आता ती सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. या काळाचा पगार तुमच्यासारख्या कंपनीत मालकाच्याच खिशातून जातो, आणि त्यामुळे काही मालक नव्याने लग्न झालेल्या मुलीला घेतानाच कचरतात. हा कायद्यातला खरा दोष आहे. तो खर्च सगळ्यांच्या वर्गणीतून भागवला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पण तो दोष तिच्या माथी मारता येत नाही. रजेमुळे तिच्या सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या करता येत नाहीत.

म्हणून अप्रेझलला बसण्यापूर्वी तिने प्रत्यक्ष काम केलेले महिने वेगळे काढा आणि त्याच महिन्यांच्या उद्दिष्टांवर तिचं रेटिंग ठरवा. रजेचे महिने शून्य धरून सरासरी काढू नका. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे सगळ्यांची रेटिंग एकत्र ताडून पाहायच्या मीटिंगमध्ये, बेल कर्व्ह (ठरावीक जणांनाच वरचं रेटिंग, असा साचा) जुळवताना कुणीतरी हमखास म्हणेल, ‘ती तर अर्धं वर्ष नव्हतीच, तिला तीन देऊन टाकू.’ त्या आधी तुमचं रेटिंग कारणांसह एचआरला लेखी पाठवलेलं असू द्या, म्हणजे मीटिंगमध्ये ते बदलणाऱ्याला कारण लिहावं लागेल. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत तिला रोज दोन वेळा स्तनपानासाठी सुट्टी मिळायला हवी, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर हवं, जिथे तिला दिवसातून चार वेळा जाता यावं. हे तिने मागायच्या आधी तुम्ही सांगा. नव्या प्रोजेक्टवर संध्याकाळचे अमेरिकेचे कॉल असतील तर ‘तिला आता जमणार नाही’ असं परस्पर ठरवून तिचं नाव यादीतून काढू नका. कामाच्या वेळा, कॅबची सोय, घरून काम करण्याची मुभा हे सगळं तिच्यासमोर ठेवा, तिला दोन दिवस विचार करू द्या, आणि ती जे सांगेल त्याप्रमाणे यादी करा.